कुलूपबंद घराचं नाव कुठल्या वहीत लिहायचं?

भुदरगड तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका छोट्या गावच्या सरपंचताईंनी विचारलंय: आमच्या मतदार यादीत नऊशेच्या वर नावं आहेत, पण बारमाही चूल पेटते ती जेमतेम शंभर घरांत. बाकीची माणसं मुंबई-पुण्याला, नाहीतर कोल्हापुरात भाड्याच्या खोलीत. त्यातल्या बऱ्याच जणांची नावं तिकडच्या यादीतही आहेत. लोकसंख्या घटणाऱ्या भागांसाठी जपान दुहेरी निवास नोंदणी आणतोय असं वाचलं. ग्रामसभेत ठराव करून शासनाकडं तशीच मागणी करावी का? त्यानं निधी वाढेल का? शाळा टिकेल का? सोबत त्यांनी ठरावाचा मसुदाही पाठवलाय.

ताई, ठराव जरूर करा, पण हा मसुदा बाजूला ठेवा. 'स्थलांतरितांची दोन्ही ठिकाणी रहिवासी म्हणून नोंद होऊन दोन्ही ठिकाणचे सर्व हक्क मिळावेत' असं तुम्ही लिहिलंय. त्यातले 'सर्व हक्क' हे दोन शब्द तुमचा कागद तहसील कार्यालयाच्या पुढं सरकू देणार नाहीत. हक्कांमध्ये मत आलं, आणि मत आलं की चर्चा तुमच्या गावाची न राहता दुबार मतदारांची होते. गेलं वर्षभर तर या शब्दावर राज्यात एवढा धुरळा उडालाय की कुठलाही अधिकारी तुमचा कागद चिमट्यानंच उचलेल.

पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून माझी नोकरी राधानगरी, भुदरगड आणि आजरा या पट्ट्यात गेली. एक गोष्ट सांगतो, मग कायद्याकडं येऊ.

मतदार यादी शुद्धीकरणाच्या एका मोहिमेत देखरेखीसाठी मी वाड्यांवर फिरत होतो. म्हाईचा, म्हणजे गावजत्रेचा दिवस होता. तुम्हाला माहीतच आहे, म्हाईला गावात पाय ठेवायला जागा नसते. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारे शिक्षक हुशार, त्यांनी मुद्दाम तोच दिवस धरला होता, कारण मुंबईकर हातात सापडायचा तर तेव्हाच. एका गिरणी कामगाराला त्यांनी नाव वगळायचा फॉर्म ७ पुढं केला. ८२ च्या संपात नोकरी गेल्यावरही तो मुंबईतच राहिला होता, तिकडं पतपेढीत शिपाई झाला होता. तिकडच्या यादीत नाव होतंच. म्हातारा फॉर्मकडं बघत बसला. म्हणाला, "साहेब, रेशनकार्ड तिकडं गेलं. पोरांचे दाखले तिकडचे. बायको तिकडंच वारली. गावात माझी ही एक ओळ राहिलीय, तीबी खोडता?"

त्या दिवसापासून दुबार नावाकडं मी निव्वळ लबाडी म्हणून बघत नाही. लबाडी असतेच. निवडणुकीच्या आदल्या रात्री ट्रॅव्हल्सच्या गाड्या कोण भरतं, जेवणाचा खर्च कोण करतं, हे आपण दोघंही जाणतो. पण त्या गाडीतल्या निम्म्या माणसांना मत विकायचं नसतं. त्यांना आपण अजून गावचे आहोत याची कुठंतरी लेखी नोंद हवी असते, आणि आपल्या राज्यकारभारात त्यासाठी दुसरी वहीच नाही. म्हणून हे नातं मतदार यादीत घुसतं. नोंद खरी आहे, वही चुकलीय. तुमच्या ठरावात मागायची ती ही दुसरी वही. दुसरं मत मागू नका.

आता कायदा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १७ सांगतं की एका माणसाचं नाव एकाहून जास्त मतदारसंघांच्या यादीत असता कामा नये, आणि कलम १८ एकाच यादीत ते दोनदा येऊ देत नाही. कलम १९ प्रमाणं नाव लागायला तो माणूस त्या जागेचा 'सर्वसाधारण रहिवासी' असावा लागतो. या शब्दाचा खुलासा कलम २० मध्ये आहे, आणि ते कलम गावकऱ्यांना एकदा मोठ्यानं वाचून दाखवा. नुसतं घर मालकीचं किंवा ताब्यात आहे एवढ्यावर कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. उलट, तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवास संपतही नाही. म्हणजे सहा महिने कामाला जाऊन पावसाळ्यात परत येणाऱ्या माणसाचं नाव गावात राहू शकतं. मात्र वीस वर्षं डोंबिवलीत संसार मांडून बसलेल्याचं वाड्याच्या जोरावर राहू शकत नाही. खोटं निवेदन करून नाव लावलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच काढतात, त्यामुळं 'विधानसभेला तिकडं, ग्रामपंचायतीला इकडं' हा गावातला लाडका तोडगाही कायद्यात बसत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं संभाव्य दुबार नावांपुढं दोन तारे छापायचं जाहीर केलं, ते याचसाठी.

पण याच कायद्यात दोन दारं उघडी आहेत आणि ती बघून मला नेहमी गंमत वाटते. सैनिकाची नोकरी काश्मीरला असो की आसामात, कलम २० त्याला त्याच्या मूळ गावचा रहिवासी मानतं. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावाला ही सवलत समजावून सांगायची गरज नाही. दुसरं दार २०१० च्या दुरुस्तीनं आलं, कलम २०-क. परदेशात नोकरी-शिक्षणासाठी गेलेला, तिथलं नागरिकत्व न घेतलेला माणूस पासपोर्टवरच्या गावच्या यादीत नाव ठेवू शकतो. म्हणजे दुबईचा माणूस तुमच्या गावचा मतदार राहू शकतो, डोंबिवलीचा नाही! मतदानाला त्या दुबईकराला गावातच यावं लागणार, हा भाग वेगळा. सांगायचा मुद्दा असा की माणूस एकीकडं आणि नोंद दुसरीकडं ही कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. त्याचा हट्ट एवढाच की मत एक आणि जागा एक. तो हट्ट मला बरोबर वाटतो. गावात न राहणाऱ्यांनी राहणाऱ्यांवर सरपंच लादायचा, आणि टँकर आला नाही की शिव्या मात्र राहणाऱ्यांनी खायच्या, हे मी पुरेसं पाहिलंय.

जपानविषयी. तुम्ही वाचलंत ते अर्धं बरोबर आहे. दुसरा रहिवासी दाखला त्यांनीही दिलेला नाही. ही सगळी चर्चा तिथं तापली ती मार्च २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर. गावंच्या गावं रिकामी करावी लागली. माणसं दुसऱ्या शहरांत राहायला गेली, पण कित्येकांनी आपली नोंद जुन्या गावातून हलवली नाही, कारण सगळ्यांनीच हलवली तर गाव कागदावरूनही पुसलं जाणार. मग त्याच वर्षी एक खास कायदा झाला. १३ नगरपालिका-गावं ठरवली आणि तिथल्या विस्थापितांना नोंद न हलवता, ते राहत असतील त्या गावात शाळा, वृद्धांची देखभाल वगैरे सेवा मिळतील अशी सोय केली. यजमान गावाच्या खर्चाची जबाबदारी वर सरकारनं घेतली. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा, निधीच्या प्रश्नाला तेच उपयोगी पडणार आहे. पुढं काही अभ्यासकांनी सरळ दुहेरी रहिवासी नोंद द्या असं म्हटलं, ते मत आणि कर या दोन गाठींपाशी अडलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं फार पूर्वीच मतदानासाठी निवासाची जागा एकच असं ठरवून टाकलेलं होतं.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. १ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालेल्या कायदेदुरुस्तीनं दोन ठिकाणी राहणाऱ्यांसाठी घर, कामाची जागा अशा सोयींचा आराखडा करण्याचा अधिकार नगरपालिकांना दिला. आणि जून २०२५ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान इशिबा यांच्या सरकारनं 'फुरुसातो' म्हणजे मूळगाव, त्या मूळगावच्या रहिवाशांची नोंदणी जाहीर केली. ही मोबाइल अ‍ॅपवरची स्वेच्छेची नोंद. एका माणसानं कितीही गावांत करावी. दहा वर्षांत एक कोटी माणसं आणि एकूण दहा कोटी नोंदी, असं लक्ष्य. मत नाही, मूळ पत्ता बदलत नाही. म्हणजे तुमच्या म्हाईच्या वर्गणीची वही म्हणा, फक्त सरकारी शिक्क्याची. त्यांच्याकडं 'नात्यातली लोकसंख्या' असा शब्दच आहे. तिथं राहणारेही नव्हेत आणि पर्यटकही नव्हेत, असे गावाशी बांधलेले लोक.

मला हे आवडतं, पण एक धोक्याची घंटाही त्याच देशातली. २००८ मध्ये त्यांनी मूळगाव-कर सुरू केला. शहरात राहणाऱ्यानं आवडीच्या गावाला देणगी द्यायची आणि दोन हजार येन सोडून बाकीची रक्कम, ठरावीक मर्यादेत, करातून वजा करून घ्यायची. हेतू चांगला होता. पण गावं देणगीदाराला परतभेटी पाठवू लागली: मांस, खेकडे, तांदूळ. स्पर्धा इतकी पेटली की २०१९ मध्ये भेटीची किंमत देणगीच्या तीस टक्क्यांवर जाऊ नये असा नियम करावा लागला. २०२३-२४ मध्ये देणग्या एक लाख कोटी येनच्या पुढं गेल्या, पण देणारा गाव निवडतो ते यादीत मांस कुठलं आहे ते बघून. तुमचं गाव आजऱ्याच्या शेजारी, घनसाळ तांदळाचा वास तुम्हाला वेगळा सांगायला नको. उद्या अशी योजना आपल्याकडं आली तर घनसाळ आणि गुळाच्या ढेपा पाठवणारी गावं श्रीमंत होतील आणि नाचणी-वरीवाल्या वाड्या जिथल्या तिथं राहतील. नोंदणीला बक्षीस लावलं की नातं बाजूला राहतं आणि बक्षीस उरतं. आपल्याकडं तर लवकर.

कोरियाची रीत वेगळी. त्यांनी माणसाला नोंदवायला सांगितलंच नाही, सरळ मोजलं. २०२१ मध्ये लोकसंख्या घटणारे ८९ भाग जाहीर केले. २०२३ पासून लागू झालेल्या खास कायद्यानं 'वावरणारी लोकसंख्या' ही संकल्पना आणली. नोंदणीकृत रहिवासी, तिथले परदेशी, आणि महिन्यातून एकदा तरी दिवसाला तीन तास किंवा जास्त थांबणारा माणूस, सगळे धरायचे. आपला मुंबईकर महिन्यातून एकदा येत नाही. तो गणपतीला येतो, म्हाईला येतो, मयतीला येतो आणि वाटणीच्या भांडणाला येतो. त्या व्याख्येत तुमचं गाव बसणार नाही. हां, जोतिबाचा डोंगर मात्र पहिला नंबर काढेल.

जर्मनीत मुख्य घर आणि दुसरं घर अशी दुहेरी नोंद खरोखरच आहे, आणि ती ऐच्छिक नाही. मत मुख्य घरी. दुसऱ्या घरावर गावं वेगळा कर लावू शकतात. ही प्रथा बोडन सरोवराकाठच्या युबरलिंगेन गावानं १९७३ मध्ये पाडली, कारण सुट्टीची घरं बांधून लोक वर्षभर कुलूप लावायचे आणि रस्ते-गटारं गावानं सांभाळायची. ऐकायला ओळखीचं वाटतं ना? पण तिथलीच दुसरी गोष्ट माझ्यासारख्या दप्तरी माणसाला जास्त महत्त्वाची वाटते. २०११ च्या जनगणनेत त्यांना आढळलं की नोंदींवरून धरलेल्या लोकसंख्येपेक्षा देशात पंधरा लाख माणसं कमी आहेत. जाताना नाव काढायचं कोणी लक्षात ठेवत नाही. जर्मन माणसाचं हे, तर आपलं काय! वही उघडणं सोपं, दरवर्षी खोडणं कठीण. तुमच्या वहीत खोडायची तारीख नसेल तर दहा वर्षांनी तीही दुसरी मतदार यादी होऊन बसेल.

निधीवर येतो, कारण प्रश्नाचा जीव तिथं आहे.

पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा गावापर्यंत आला तो मुख्यतः २०११ च्या जनगणनेच्या लोकसंख्येवर, थोडा क्षेत्रफळावर. तुमच्या यादीत नऊशे नावं आहेत की नऊ हजार, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्यामुळं दुहेरी नोंदणी झाली तरी नुसत्या नोंदणीनं एक रुपया वाढत नाही. वाढेल ती वाटपाचं सूत्र बदललं तर. आणि सूत्रात दुसऱ्या घरची माणसं धरायची म्हटली की ती पहिल्या घरातून अर्धी वजा करायची का, हा प्रश्न आलाच. पुणे महापालिका गप्प बसेल असं वाटतं? म्हणून फुकुशिमाचं ते वाक्य ध्यानात ठेवा म्हणालो. तिथं एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढलं नाही, वरच्यानं जादा वाढलं. ठरावात मागायचं तर ते मागा: घटत्या लोकसंख्येच्या गावांना रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांच्या देखभालीचा खर्च डोक्यांवर मोजू नका, लांबी आणि घरं बघून द्या. माणसं निम्मी झाली म्हणून पाइपलाइन निम्मी होत नाही.

आणि जनगणना तोंडावर आली आहे. लोकसंख्या मोजायचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये, संदर्भतारीख १ मार्च २०२७. आपल्याकडं माणूस त्या दिवसांत जिथं राहतो तिथं धरला जातो, आणि त्या सबंध काळात घराबाहेर असलेला जिथं सापडेल तिथं. याचा अर्थ कळतोय का? फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. तुमची पोरं चाकण-हिंजवडीत मोजली जातील, आणि त्याच आठवड्यात बीडकडची तोडकरी कुटुंबं शिरोळ-हातकणंगल्याच्या फडांवर. कोल्हापूर जिल्हा २००१ मध्ये ३५,२३,१६२ होता, २०११ मध्ये ३८,७६,००१ झाला. वाढ दहा टक्के. या दहा टक्क्यांच्या पोटात तुमच्यासारख्या वाड्या दिसत नाहीत. घाट उतरून खाली गेलं की आकडे लपत नाहीत: त्याच दहा वर्षांत रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. जिल्ह्याची सरासरी हा डोंगरी गावांचा शत्रू आहे, हे मी मासिक सभांत इतक्यांदा बोललो की माझं नावच 'सरासरी' पडलं होतं. माणसं गाड्या भरून आणून मोजून घ्यायचा विचार कोणी तुमच्या कानात घातला तर ऐकू नका. खोटं तर आहेच, शिवाय तोट्याचं आहे. गाव मोठं दिसलं की घटत्या गावासाठीची कुठलीही मदत मागायचा आधारच जातो.

शाळेचं थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं फार नाही. पट म्हणजे बाकावर बसणारं पोर. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करायचा विचार शासनानं मांडला तेव्हाही मोजमाप तेच होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच राज्याचा जननदर बाईमागं १.७ मुलांवर आला होता, म्हणजे जी कुटुंबं गावात आहेत तिथंही मुलं कमीच. दुहेरी नोंदणीनं शाळा वाचत नाही. मुंबईकराचं पोर म्हाईला येतं, वर्गात येत नाही.

मग ती दुसरी वही कशी करायची? शासनाची वाट न बघता आजच करता येते. ग्रामपंचायतीकडं नमुना ८ आहेच, कर आकारणीची नोंदवही. त्यात राहतं घर आणि कुलूपबंद घर असा भेद नाही, घरफाळा दोघांनाही सारखाच. म्हणजे कुलूपबंद घरवाला पहिल्यापासून तुमचा करदाता आहे. फक्त त्याच्या घराचा धनी वहीत सापडत नाही. नमुना ८ काढून बघा: निम्म्या कुलूपबंद घरांवर मयत आजोबांचं नाव असेल. खाली चार भावांची वाटणी झालेली नाही, एक बोरिवलीत, एक हडपसरला, एक इचलकरंजीत, चौथ्याचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही. मागणीपत्र आजोबांच्या नावानं दारात चिकटतं आणि पावसात विरघळतं.

यामुळं काय होतं ते आकड्यांत नाही, पण तुमच्या गल्लीत दिसेल. आपल्याकडचा पाऊस आणि मातीच्या भिंती. कुलूपबंद घराचं एक कौल सरकतं, वासा कुजतो, दुसऱ्या पावसाळ्यात पाणी शेजारच्या भिंतीत मुरतं. शेजारी म्हातारी एकटी. ती ग्रामपंचायतीत येते. ग्रामपंचायत म्हणते, मालकाला कळवा. मालक कोण? चार भाऊ. फोन केला तर पहिला म्हणतो दुसऱ्याला विचारा. मी असताना एका वाडीत अशी सामाईक भिंत भर पावसात कोसळली. जीव गेला नाही, म्हैस गेली. कागद माझ्या टेबलावर दोन महिने पडून होता. माझी चूक होती, मला फोन नंबर सापडत नव्हता. एवढीच गोष्ट होती हो, एक फोन नंबर!

तेव्हा वहीत पहिला रकाना हा: या घरासाठी बोलायचा अधिकार कोणाला, आणि किल्ली गावात कोणाकडं. दुसरा: पडझड झाली तर पंचायतीनं ताडपत्री टाकून घ्यायला संमती आहे का, खर्च कोण देणार. तिसरा: नळ बारमाही हवा की हंगामी. पाणीपट्टीवरून दरवर्षी जी भांडणं होतात ती याच रकान्यात मिटतात. 'आम्ही दहा दिवस येतो, वर्षाची पट्टी का' हा मुंबईकराचा सवाल, आणि 'ते दहा दिवस टाकी तुम्हीच रिकामी करता' हे गावाचं उत्तर. दोन्ही खरं आहे. दर ग्रामसभेत ठरवा आणि लिहून ठेवा. चौथा रकाना: घरात मागं राहिलेलं म्हातारं माणूस कोण, आणि रात्री-अपरात्री कोणाला कळवायचं. पाचवा, नोंद कधीपर्यंत. दरवर्षी नवी करायची, नाही केली तर आपोआप रद्द. जर्मनांचे पंधरा लाख विसरू नका.

बदल्यात त्यांना काय द्यायचं? ग्रामसभेची नोटीस मोबाइलवर. ग्रामसभा मतदारांची असते आणि ठरावाला हात त्यांचाच, पण निमंत्रित म्हणून बसायला, बोलायला कोणाची हरकत नसते. वर्षातल्या चार सभांपैकी एक म्हाईच्या किंवा गणपतीच्या आसपास घ्या. गणपूर्तीचीही अडचण येणार नाही, कारण पंधरा टक्के किंवा शंभर मतदार यांतला कमी आकडा पुरतो. गावचा जमाखर्च त्यांना पाठवा. देणगी दिली तर ती ग्रामनिधीत पावती फाडून घ्या, कोणाच्या खिशात किंवा देवळाच्या पेटीत नको. मंडळाच्या कमानीला लाखभर आरामात जमतात आणि टाकीच्या दुरुस्तीला पाच हजार जमत नाहीत, याचं कारण टाकीची पावती कोणी दाखवत नाही.

दोन ठिकाणी तुमचा मसुदा मला खटकला, तेही सांगतो. एक, 'गावचे स्थलांतरित पुरुष व त्यांचे कुटुंब' असं लिहिलंय. माहेरवाशिणी कुठं गेल्या? वडिलोपार्जित घरात मुलीचाही हक्क आहे, आणि मागं राहिलेल्या आईला भेटायला महिन्याला एसटीनं येणारी बहुतेक वेळा गारगोटीला किंवा कागलला दिलेली लेकच असते, बोरिवलीचा मुलगा नव्हे. भावकीच्या हिशोबानं वही केली तर जी खरी दुसरी रहिवासी आहे तिचंच नाव राहून जाईल. तुम्ही स्वतः सरपंच आहात, हे मी सांगायची वेळ यायला नको होती.

दुसरं, तुम्हाला गावाकडचं टोक दिसतं, शहराकडचं दिसत नाही. कोल्हापूरही कोणाचं तरी मुंबई आहे. इचलकरंजीतला कामगार, शिरोलीच्या कारखान्यातला बिहारी पोरगा, फडावरची तोडकरी बाई, यांच्या गावची एखादी सरपंचही अशीच यादी घेऊन बसली असेल. दुहेरी नोंदणीचा अर्थ जेवढा 'तिकडं गेला तरी इकडचा' असा आहे, तेवढाच 'तिकडचा असला तरी इकडं आहे तोवर इकडचा' असाही. आपल्या देशात या अर्थानं खरोखर चालणारी एकच मोठी व्यवस्था आहे, 'एक देश एक रेशनकार्ड'. २०१९ पासून टप्प्याटप्प्यानं आली, जून २०२२ ला आसाम जोडलं गेल्यावर सगळी राज्यं झाली. कार्ड गावात, धान्य फडाजवळच्या दुकानात. तिनं कोणाचं नाव कुठून काढलं नाही, दुसऱ्या ठिकाणी नव्यानं लावलंही नाही. सेवा फक्त माणसामागं चालत गेली. मतदानासाठी असं काही करायचा प्रयत्न निवडणूक आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदान यंत्र दाखवून केला होता, तो पक्षांच्या शंकांत अडकला. धान्याला भांडण कमी, मताला जास्त, हे उघड आहे.

एक सावधगिरीचा शब्द. ही वही ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. कोणती घरं बंद, मालक कधी येतो, कुठं म्हातारी एकटी झोपते, ही यादी चोराला आयती हवी असते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या कपाटात एक प्रत, तुमच्याकडं एक, बस्स.

ठरावाचा नवा मसुदा म्हणाल तर तीन ओळी पुरेत. नमुना ८ ला जोडून अनिवासी घरधन्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवायला शासनानं नमुना ठरवून द्यावा, आणि त्या नोंदीचा मतदार यादीशी संबंध नसेल हे त्यातच लिहावं. गावठाणातल्या मिळकत पत्रिकांवर मयतांच्या जागी वारसांची, मुलींसह, नावं लावायला गावातच शिबिर घ्यावं. आणि देखभालीचा निधी डोक्यांऐवजी घरं व लांबीवर. मत हा शब्द कुठंही येऊ देऊ नका.

तुमच्याकडची म्हाई वैशाखात असते ना? तिच्या आदल्या दिवशी सकाळी देवळाच्या कट्ट्यावर टेबल मांडा, नमुना ८ ची झेरॉक्स ठेवा, शेजारी बीएलओंना बसवा. आधी तुमच्या वहीत नाव लिहून घ्या, मग फॉर्म ७ पुढं करा. क्रम उलटा करू नका. तो म्हातारा गिरणी कामगार आज असता तर मी त्याच्यासमोर हाच क्रम धरला असता.